चित्र पाठवले आहे, वर्षासनाचे तेवढे पाहावे

सप्टेंबर १५४४ मध्ये व्हेनिसहून रोमला एक पत्र गेले. लिहिणारा जोव्हान्नी देल्ला कासा हा पोपचा व्हेनिसमधला वकील, आणि ज्याला लिहिले तो कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझे हा पोप तिसऱ्या पॉलचा नातू. मजकूर एका चित्रकाराबद्दल होता. त्याच्या मुलाला एका चर्चचे उत्पन्न लावून द्या, मग हा गृहस्थ तुमच्या घराण्यातल्या यच्चयावत मंडळींची चित्रे काढून देईल, घरातल्या मांजरांनाही वगळणार नाही, असा त्याचा आशय.

हा चित्रकार म्हणजे तिझियानो वेचेल्लिओ, जगाला टिशियन या नावाने माहीत असलेला. पन्नाशी त्याने मागे टाकली होती. सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला अकरा वर्षांपूर्वीच सरदारकी बहाल केली होती. त्याच्या हातून आपले चित्र व्हावे म्हणून ड्यूक आणि कार्डिनल महिनोन् महिने वाट पाहत. तरीही त्याची जी पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत कलेविषयी फार थोडे सापडते. सापडतात त्या विनंत्या: थकलेले वर्षासन, अडकलेले धान्य, मुलांची सोय. पंचविशीच्या आसपास असताना त्याने व्हेनिसच्या सरकारकडे अर्ज केला, आणि स्पेनच्या राजाला शेवटचे पत्र लिहिले ते मृत्यूच्या सहा महिने आधी.

एवढ्या मोठ्या माणसाला साठ वर्षे पदर का पसरावा लागला? पैशाचा लोभी म्हणून त्याच्या हयातीतच लोक त्याला नावे ठेवत. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्या काळी चित्रकाराला मान हवा असेल तर त्याला किंमत सांगता येत नसे, मेहेरबानी मागावी लागे. आणि मेहेरबानी करणारा कितीही दिलदार असला, तरी कागदावरचे दान हातात पडायला तगादा लागत असे. टिशियनची पत्रे वाचताना हे दोन्ही ध्यानात ठेवावे लागते.

दलालीचा परवाना

आल्प्सच्या पायथ्याच्या पिएव्हे दी कादोरे या गावी, बहुधा १४८८ ते १४९० च्या दरम्यान, टिशियनचा जन्म झाला. पोरवयातच त्याला व्हेनिसला धाडण्यात आले आणि तिथे तो जोव्हान्नी बेल्लिनीच्या चित्रशाळेत शिकला. बेल्लिनी हा व्हेनिस प्रजासत्ताकाचा मानकरी चित्रकार. सरकार त्याला पगार देत नसे. त्याऐवजी त्याच्या नावे रिआल्टो पुलाजवळच्या जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीतला दलालीचा परवाना होता.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जर्मन व्यापाऱ्यांनी व्हेनिसमध्ये केलेला प्रत्येक सौदा सरकारमान्य दलालामार्फतच व्हायला हवा, असा नियम होता. दलालांची संख्या ठरलेली आणि प्रत्येक परवान्याला बांधलेले उत्पन्न. त्यातला एखादा परवाना सरकार चित्रकाराला देई. चित्रकाराने वखारीत पाऊलही टाकायचे नाही, वर्षाकाठी सुमारे शंभर डुकाट मात्र त्याला मिळायचे. बदल्यात त्याने सरकारी राजवाड्यात चित्रे रंगवायची आणि नवा डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, निवडून आला की ठरलेल्या दरात त्याचे व्यक्तिचित्र करून द्यायचे.

मे १५१३ मध्ये टिशियनने 'दहांचे मंडळ' या बलाढ्य समितीकडे अर्ज केला. महासभेच्या दालनातले लढाईचे चित्र अवघड म्हणून कोणी हाती घेत नाही, ते मी करतो. पुढचा जो परवाना मोकळा होईल तो मला द्या. पोपकडून बोलावणे आलेले असूनही आपण व्हेनिसमध्येच राहू इच्छितो, हेही त्याने जाता जाता नमूद केले. दुसरीकडून आलेले बोलावणे अर्जात कुठे ठेवायचे, हे तरुणपणीच त्याला उमगले होते.

परवाना त्याला १५१६ मध्ये बेल्लिनी वारल्यानंतर मिळाला. चित्र मात्र दोन दशके रखडले. अखेर १५३७ मध्ये सरकारचा संयम सुटला. काम न करता घेतलेली सगळी रक्कम परत करा, असा हुकूम निघाला आणि पोर्देनोने या प्रतिस्पर्ध्याला राजवाड्यात काम मिळू लागले. टिशियनने पुढच्या वर्षी चित्र पूर्ण करून टाकले. (१५७७ च्या आगीत ते जळाले.) म्हणजे चालढकल एकाच बाजूने होत नव्हती. दरबार पैसे रखडवत आणि टिशियन चित्रे रखडवत असे.

एक डुकाट आणि एक सनद

व्हेनिसच्या परवान्यावर घर चालले असते, पण टिशियनची नजर त्यापुढे होती. फेराराचा ड्यूक अल्फोन्सो देस्ते, मान्तुआचा फेदेरिको गोन्झागा असे आश्रयदाते त्याने जोडले. १५३० साली बोलोन्यात पोपच्या हस्ते पाचव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा फेदेरिकोच्या वशिल्याने टिशियन सम्राटापर्यंत पोचला. त्या वेळी सम्राटाने त्याच्या हातावर अवघा एक डुकाट ठेवला आणि शरमलेल्या फेदेरिकोने आपल्या पदरचे दीडशे डुकाट देऊन त्याची समजूत घातली, असे उर्बिनोच्या ड्यूकच्या व्हेनिसमधल्या वकिलाने लिहून ठेवले आहे.

तीन वर्षांत चित्र पालटले. याकोब झायसेनेगर या दरबारी चित्रकाराने १५३२ मध्ये सम्राटाचे त्याच्या मोठ्या शिकारी कुत्र्यासह उभे चित्र काढले होते. टिशियनचेही तसेच एक चित्र आहे. पहिले व्हिएन्नात, दुसरे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. टिशियनने झायसेनेगरचे चित्र समोर ठेवून आपले केले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोन्ही शेजारी ठेवली की टिशियनचे कसब डोळ्यांत भरते. झायसेनेगरने फरशीची नक्षी, कपड्यांची वीण, सगळे प्रामाणिकपणे टिपले आहे. टिशियनने फरशीची नक्षी पुसली, मागचा भाग जवळजवळ रिकामा ठेवला, खांद्यावरची फर रुंद केली आणि चेहरा किंचित उजळला. हॅब्सबर्ग घराण्याचा पुढे आलेला जबडा दाढीआड सौम्य झाला. माणूस तोच, कुत्रा तोच, कपडे तेच. पण झायसेनेगरच्या चित्रात कपड्यांचा तपशील आधी दिसतो आणि टिशियनच्या चित्रात सम्राट.

मे १५३३ मध्ये बार्सिलोनाहून सनद निघाली. टिशियन 'काउंट पॅलाटिन' आणि 'सुवर्ण टाचेचा सरदार' (नाइट ऑफ द गोल्डन स्पर) झाला. अलेक्झांडरने आपले चित्र काढण्याचा मान जसा अपेलीस या ग्रीक चित्रकाराला दिला, तसा हा आमचा अपेलीस, असा गौरव त्यात होता. नोटरी नेमण्याचा आणि अनौरस मुलांना औरस ठरवण्याचा अधिकार मिळाला, मुलांना उमरावपण मिळाले.

या सनदेचे मोल तेव्हाच्या समाजरचनेत कळते. चित्रकार हा कारागीर. सुतार, सोनार यांच्यासारखा त्याचा व्यवसायसंघ असे आणि कामाचा दर चौरस फुटावर, माणसांच्या संख्येवर, निळ्या रंगाच्या प्रतीवर ठरे. उमराव मात्र दर सांगत नाही. तो सेवा करतो आणि मालक खूश होऊन बिदागी देतो. टिशियन सनद घेऊन कारागिरांच्या रांगेतून बाहेर पडला, आणि त्याच क्षणी सम्राटाकडे बिल पाठवण्याची सोय संपली. आता उरला एकच मार्ग: चित्र नजराणा म्हणून पाठवायचे आणि सोबतच्या पत्रात अत्यंत अदबीने आपली अडचण कानावर घालायची.

मेहेरबानीचे प्रकार

मेहेरबानी अनेक रूपांनी येई. एक म्हणजे चर्चचे उत्पन्न. एखाद्या चर्चच्या जमिनीचा आणि दशमांशाचा पैसा तिथे नेमलेल्या धर्मगुरूला मिळे, मग तो तिथे राहो वा न राहो. टिशियनची बायको चेचिलिया १५३० मध्ये वारली आणि तीन मुले पोरकी झाली. थोरला पोंपोनिओ लहान असतानाच टिशियनने त्याला धर्मगुरू करायचे ठरवले आणि फेदेरिको गोन्झागाकडून मेदोले गावच्या चर्चचे उत्पन्न त्याच्या नावे करून घेतले.

दुसरे रूप धान्याचे. नेपल्सच्या राज्यातून करमाफीने धान्य बाहेर काढण्याचा परवाना चार्ल्सने त्याला देऊ केला होता. तो वापरला किंवा कोणा व्यापाऱ्याला विकला तर चांगला पैसा सुटला असता. पण नेपल्सचे अधिकारी दाद देईनात, आणि हे धान्य वर्षानुवर्षे पत्रांतच राहिले.

तिसरे रूप वर्षासनाचे, आणि टिशियनला सर्वांत जास्त झुलवले ते यानेच. १५४१ मध्ये चार्ल्सने मिलानच्या खजिन्यातून त्याला दरसाल शंभर स्कुदी बांधून दिले. १५४८ मध्ये त्याचे दोनशे केले. कागदावर सही होती, शिक्का होता. पैसे मात्र येत नव्हते.

का येत नव्हते? सम्राटाच्या मनात खोट नव्हती. पण त्याचे राज्य स्पेन, नेदरलँड्स, जर्मनी, इटली असे विखुरलेले, आणि त्याला कायम कुठे ना कुठे युद्ध चालू. मिलान तर फ्रान्सशी झुंजणाऱ्या सरहद्दीवरचे. तिथला महसूल गोळा होण्याआधीच सैन्याच्या पगाराकडे आणि सावकारांच्या व्याजाकडे वळलेला असे. खजिनदारापुढे एका हाताला बंडाला टेकलेली शिपायांची पलटण आणि दुसऱ्या हाताला व्हेनिसमधला एक चित्रकार. राजाची सही दोघांकडेही आहे. आधी कोणाला मिळणार, हे सांगायला नको.

म्हणून मधल्या माणसांना सांभाळणे हेच एक काम होऊन बसले. टिशियनचा जिवलग मित्र पिएत्रो अरेतिनो हा शब्दांचा धनी. त्याची धारदार पत्रे छापून निघत आणि राजेही त्याला वचकून असत. टिशियनच्या चित्रांची कीर्ती दरबारोदरबारी पोचवण्यात त्याचा मोठा हात होता. सम्राटाचा मंत्री निकोला ग्रान्व्हेल आणि त्याचा मुलगा आंत्वान या दोघांची व्यक्तिचित्रे टिशियनने काढली. सम्राटाचे कान ज्यांच्याजवळ, ते खूश राहणे गरजेचे होते.

रोमची वारी

मांजरांच्या पत्राकडे परत जाऊ. टिशियनला पोंपोनिओसाठी चेनेदाजवळचे सान पिएत्रो इन कोल्ले या चर्चचे उत्पन्न हवे होते आणि ते फार्नेझे घराण्याच्या शब्दावर अवलंबून होते. १५४३ मध्ये त्याने पोपचे अप्रतिम व्यक्तिचित्र करून दिले. पोपने खूश होऊन त्याला पोपच्या मुद्रेच्या रखवालदाराचे लाभाचे पद देऊ केले. ते तेव्हा सेबास्तियानो या चित्रकाराकडे होते. दुसऱ्याच्या ताटातले नको म्हणून टिशियनने नकार दिला, आणि अरेतिनोने त्याचे तोंड भरून कौतुक केले. चार वर्षांनी सेबास्तियानो वारला, तेव्हा ते पद मागणारे पत्र टिशियनकडून गेले.

१५४५ च्या शरद ऋतूत तो रोमला पोचला. व्हॅटिकनमध्ये त्याची राहण्याची सोय झाली, मायकेलअँजेलो भेटायला आला, रोमचे नागरिकत्व मिळाले. पोप आणि त्याचे दोन नातू यांचे मोठे चित्र त्याने तिथेच सुरू केले. ते आज नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे. मध्ये खुर्चीत वाकलेला, म्हातारा पण तीक्ष्ण नजरेचा पोप. मागे खुर्चीला हात लावून उभा असलेला अलेस्सांद्रो. उजवीकडे धाकटा ओत्ताव्हिओ आजोबांपुढे झुकलेला, एक पाय पुढे, कंबर लवलेली, चेहऱ्यावर आर्जव. म्हातारा मान वळवून त्याच्याकडे पाहतो आहे. मागायला आलेला माणूस कसा उभा राहतो आणि देणारा त्याच्याकडे कसा पाहतो, याचे इतके नेमके निरीक्षण फार थोड्या चित्रांत असेल. ज्याने स्वतः दरबारात उभे राहून वाट पाहिली होती, त्यालाच ते दिसले.

हे चित्र अपुरे राहिले. चर्चच्या उत्पन्नाचे नक्की काही न होताच १५४६ मध्ये टिशियन व्हेनिसला परतला.

आउग्सबुर्गचा घोडेस्वार

जानेवारी १५४८ मध्ये, भर हिवाळ्यात, साठीकडे झुकलेला टिशियन आल्प्स ओलांडून जर्मनीतल्या आउग्सबुर्गला निघाला. सम्राटाचे बोलावणे होते. आदल्या वर्षी २४ एप्रिलला म्यूलबेर्गच्या लढाईत चार्ल्सने प्रोटेस्टंट राजांच्या फौजेचा पाडाव केला होता आणि त्या विजयाचे चित्र हवे होते.

जवळजवळ साडेतीन मीटर उंचीचे ते चित्र प्रादोमध्ये समोरून पाहिले की पहिली गोष्ट जाणवते ती एकटेपणाची. विजयाचे चित्र, पण सैन्य नाही, शत्रू नाही, प्रेते नाहीत. झाडांच्या सावलीतून एक चिलखतधारी स्वार मावळतीच्या उजेडात बाहेर येतो आहे. हातात लांब भाला, छातीवर लाल पट्टा, काळसर घोड्यावर लाल झूल. चिलखताच्या पोलादावर आकाशाची तांबूस झाक पडली आहे. ते चिलखत आजही माद्रिदच्या शाही शस्त्रागारात आहे. प्रत्यक्षात सम्राट तेव्हा संधिवाताने जर्जर झाला होता. त्याच वर्षी काढलेल्या, म्युनिकमध्ये असलेल्या चित्रात तो काळ्या कपड्यांत खुर्चीवर बसलेला आहे. घोड्यावरच्या चित्रात दुखणे दिसत नाही, थकवा मात्र चेहऱ्यावर आहे. टिशियनने खुशामत केली, पण माणूस पुसून नाही.

चित्र वाळवायला बाहेर ठेवले असता वाऱ्याने पडले आणि घोड्याच्या मागच्या भागाला इजा झाली. ती क्रिस्टोफ आम्बेर्गर या स्थानिक चित्रकाराकडून दुरुस्त करून घ्यावी लागली.

चार्ल्स आणि टिशियन यांच्यातला जिव्हाळा खरा होता. सम्राटाची पत्नी इसाबेला १५३९ मध्ये वारली. टिशियनने तिला कधी पाहिलेही नव्हते, तरी दुसऱ्या चित्राच्या आधाराने त्याने तिची व्यक्तिचित्रे करून दिली. नाक थोडे सुधारावे, अशी एका चित्राबाबत नवऱ्याची सूचना होती. सम्राटाने टिशियनचा पडलेला कुंचला स्वतः वाकून उचलून दिला, ही पुढे कार्लो रिदोल्फीने १६४८ च्या चरित्रात सांगितलेली आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, राज्यत्याग करून युस्तेच्या मठात राहायला गेलेल्या चार्ल्सने टिशियनची चित्रे सोबत नेली होती, एवढे मात्र खरे. आणि या सगळ्या काळात मिलानचे वर्षासन थकलेलेच होते.

फिलिप आणि घडी पडलेले चित्र

चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप हा टिशियनचा शेवटचा आणि सर्वांत उदार आश्रयदाता. सुरुवात जरा अडखळत झाली. १५५१ मध्ये टिशियनने काढलेले त्याचे चिलखतातले चित्र आत्याकडे, हंगेरीच्या मारियाकडे, पाठवताना फिलिपने लिहिले की घाई झाल्याचे दिसते, वेळ असता तर पुन्हा करून घेतले असते. टिशियनचे मोकळे, ठिपक्याठिपक्यांचे रंगकाम त्याच्या नजरेत अजून बसले नव्हते. दोन वर्षांनी फिलिपचे इंग्लंडच्या मेरी राणीशी लग्न ठरत असताना त्याचे टिशियनने काढलेले चित्र वधूला दाखवायला गेले. आत्याने बजावले की टिशियनची चित्रे जवळून ओळखू येत नाहीत, योग्य उजेडात आणि दुरून पाहावीत. आणि प्रत्यक्ष नवरा पोचला की चित्र परत पाठवावे.

पुढे फिलिपचे डोळे तयार झाले आणि त्याने जे केले ते त्या काळात दुर्मीळ होते. पुराणकथांवरच्या मोठ्या चित्रांच्या एका मालिकेत त्याने टिशियनला विषय आणि मांडणी यांची बरीच मोकळीक दिली. दानाई, व्हीनस आणि अडोनिस, डायना आणि अ‍ॅक्टिऑन, डायना आणि कॅलिस्टो, पर्सियस आणि अँड्रोमेडा, युरोपाचे हरण: सुमारे दहा वर्षांत ही सहा चित्रे व्हेनिसहून रवाना झाली. बरोबर प्रत्येक वेळी पत्र. व्हीनस आणि अडोनिस १५५४ मध्ये लंडनला पोचले, तेव्हा त्याला मधोमध आडवी घडी पडली होती. फिलिपने तक्रार केली आणि पुढची चित्रे सांगितल्याशिवाय पाठवू नयेत असे कळवले. त्या घडीची खूण प्रादोतल्या चित्रावर अजून दिसते.

फिलिप पैशाच्या बाबतीतही बेफिकीर नव्हता. १५५८ च्या नाताळच्या दिवशी त्याने मिलानच्या गव्हर्नरला हुकूम पाठवला की टिशियनची सगळी थकबाकी चुकती करा, आणि हे काम मला किती महत्त्वाचे वाटते ते तुम्ही जाणताच, अशी जोड दिली. सतरा वर्षांनी पैसे हलण्याची चिन्हे दिसली. वसुलीसाठी टिशियनचा धाकटा मुलगा ओराझिओ १५५९ मध्ये मिलानला गेला. तिथे तो लेओने लेओनी या राजाच्याच शिल्पकाराकडे उतरला. जूनमध्ये लेओनीने त्याच्यावर खंजिराने हल्ला केला. ओराझिओ कसाबसा वाचला. म्हाताऱ्या बापाने राजाकडे न्याय मागितला, आणि लेओनीला दंड होऊन शहराबाहेर जावे लागले.

हा सगळा काळ स्पॅनिश तिजोरीला खडखडाटाचा होता. फिलिपच्या सरकारने १५५७, १५६० आणि १५७५ मध्ये कर्जफेड थांबवली. जिथे मोठमोठ्या सावकारांची ही गत, तिथे चित्रकाराच्या दोनशे स्कुदींचे काय!

यादी

टिशियन खरोखर गरीब होता का? मुळीच नाही. व्हेनिसच्या उत्तर टोकाला, पाण्याच्या काठावर त्याचे मोठे घर आणि बाग होती. कादोरेत जमिनी होत्या आणि घराण्याचा लाकडाचा व्यापार होता. तरी पत्रांत तो स्वतःला वृद्ध आणि अडचणीत सापडलेला सेवक म्हणवतो. १५६४ मध्ये व्हेनिसमधला स्पेनचा सचिव गार्सिया एर्नांदेस याने राजाला कळवले की माहीतगारांच्या मते हा नव्वदीच्या घरात आहे, तसा दिसत नाही, आणि पैशासाठी तो काहीही करील. ऑगस्ट १५७१ च्या पत्रात टिशियनने आपले वय पंचाण्णव सांगितले. जन्मवर्षाचा आजचा अंदाज बरोबर असेल तर तो तेव्हा ऐंशीच्या थोडा पुढे असावा. म्हातारपण वाढवून सांगितले की दया लवकर येते, एवढा हिशेब त्यात असणे शक्य आहे.

हे वाचून टिशियनबद्दल मन खट्टू होऊ शकते. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. वर्षासन सम्राटाने आपण होऊन दिले होते आणि चित्रे पोचली होती. तो मागत होता ते कबूल केलेलेच. आणि या लांबलचक, अर्धवट फेडीच्या नात्यातून त्याला असे काही मिळाले जे रोख मोबदल्यात मिळाले नसते. तो कधी स्पेनला गेला नाही. तिथल्या दरबारात हजेरी लावली नाही. व्हेनिसच्या घरात बसून, आपल्या वेगाने, एकेका चित्रावर पुन:पुन्हा हात फिरवत राहिला. त्याच्या उत्तरायुष्यातली ती धूसर, बोटांनीही रंगवलेली चित्रे या मोकळिकीतून आली.

२२ डिसेंबर १५७४ रोजी त्याने राजाचा सचिव अंतोनिओ पेरेस याला एक कागद पाठवला. गेल्या पंचवीस वर्षांत राजाकडे गेलेल्या आणि मोबदला न मिळालेल्या चित्रांची ती यादी होती. दानाई, व्हीनस, डायना, युरोपा, शेवटचे भोजन आणि इतर. चित्रांची नावे मोजून मांडलेला तो कागद आज वाचला तर त्याला बिल म्हणण्यावाचून इलाज नाही. १५३३ च्या सनदेने ज्या माणसाला हिशेब मागण्यापलीकडे नेऊन बसवले होते, त्याने एक्केचाळीस वर्षांनी हिशेब मांडला.

फेब्रुवारी १५७६ मध्ये त्याने राजाला पुन्हा लिहिले. त्या उन्हाळ्यात व्हेनिसमध्ये प्लेग थैमान घालत होता. २७ ऑगस्टला टिशियन गेला, पाठोपाठ ओराझिओही गेला. घर चोरांनी लुटले आणि राहिलेले पोंपोनिओने १५८१ मध्ये विकून टाकले.

पुढच्यांनी काय घेतले

फिलिपकडे गेलेल्या पुराणकथांच्या सहा चित्रांपैकी दोन, डायना आणि अ‍ॅक्टिऑन व डायना आणि कॅलिस्टो, ब्रिटनमधल्या दोन राष्ट्रीय चित्रसंग्रहालयांनी मिळून २००९ आणि २०१२ मध्ये विकत घेतली. पहिल्याला पाच कोटी पौंड मोजले, दुसऱ्याला साडेचार कोटी. चार शतके विखुरलेली ती सहाही चित्रे २०२० मध्ये लंडनला आणि त्यानंतर माद्रिद व बोस्टनला एकत्र मांडली गेली.

स्पेनच्या दरबारात मात्र टिशियनचा वारसा चित्रांच्या भिंतींपुरता राहिला नाही. फिलिपच्या नातवाच्या, म्हणजे चौथ्या फिलिपच्या काळात व्हेलास्केस हा राजाचा चित्रकार त्याच चित्रांच्या सहवासात वाढला, म्यूलबेर्गच्या घोडेस्वाराच्या वळणावर त्याने आपल्या राजाला घोड्यावर बसवले आणि टिशियनसारखी सरदारकी मिळवण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली. सान्तियागोच्या सरदार मंडळात प्रवेश मिळावा म्हणून त्याची चौकशी झाली, तेव्हा त्याचे समव्यावसायिक, त्यांत झुर्बारान आणि अलोन्सो कानो यांच्यासारखे नामवंत, साक्षीला उभे राहिले. याने कधी दुकान मांडले नाही, चित्रे विकून पोट भरले नाही, राजाची सेवा म्हणूनच रंगवली, असे त्यांनी शपथेवर सांगितले. १६५९ मध्ये व्हेलास्केसला तो मान मिळाला, राजाने पोपकडून खास सवलत आणवल्यावर. त्याचेही दरबारातले पगार अनेकदा थकलेले असत.